अकरावी विज्ञान : यादीत सतरा पुस्तके, हातात दोन वर्षे

बार्शीकर

सर्वांना नमस्कार. माझी थोरली मुलगी यंदा सेमी इंग्रजीतून दहावी उत्तीर्ण झाली असून तिने अकरावी विज्ञानाला प्रवेश घेतला आहे. गणित आणि भौतिकशास्त्र हे तिचे जिव्हाळ्याचे विषय आहेत. नववीत असताना तिने होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धेची लेखी परीक्षा दिली होती. प्रात्यक्षिकाच्या फेरीपर्यंत ती पोहोचली नाही, पण त्या निमित्ताने पाठ्यपुस्तकाबाहेरचे वाचण्याची जी गोडी लागली ती अजून टिकून आहे. अभियांत्रिकी प्रवेशाची देशपातळीवरील परीक्षा जेईई द्यायची हे तिचे ठरलेले आहे, आणि जमल्यास भौतिकशास्त्र ऑलिंपियाडची पहिली पायरी असलेली एनएसईपी ही परीक्षाही द्यावी असे तिच्या मनात आहे.

अडचण पुस्तकांची आहे. ज्या शिकवणीत तिचे नाव घातले तिथून सतरा पुस्तकांची यादी मिळाली. ओळखीच्या तिघाचौघांना ती दाखवली, तर प्रत्येकाने तीत दोन-दोन नावांची भर घातली. वगळायला मात्र कोणी एकही सुचवले नाही. मी टपाल खात्यात नोकरीला आहे, त्यामुळे पैशाचा विचार करावाच लागतो. पण गेल्या उन्हाळ्यात शेजारच्या मुलाची अशीच पुस्तके रद्दीवाल्याच्या काट्यावर चढताना मी पाहिली. त्यातली निम्मी इतकी कोरी होती की पाने उलटताना एकमेकांना चिकटत होती. तो मुलगा आळशी नव्हता. कोणते पुस्तक आधी उघडावे हेच त्याला कोणी सांगितले नव्हते.

राज्य मंडळाची पुस्तके धरून ठेवावीत की सरळ एनसीईआरटीच्या, म्हणजे केंद्रीय मंडळाच्या शाळांत चालणाऱ्या पुस्तकांकडे वळावे, त्यावर आणखी काय घ्यावे आणि कोणत्या क्रमाने, आणि ऑलिंपियाडसाठी निराळे काही लागते का, एवढे कृपया सांगावे. जीवशास्त्र तिने सोडलेले नाही, परंतु वैद्यकीय प्रवेशाची ‘नीट’ परीक्षा देण्याचा विचार नाही.

फळा आणि खडू

बार्शीकर, मी कनिष्ठ महाविद्यालयात सव्वीस वर्षे भौतिकशास्त्र शिकवले आहे, तेव्हा थोडे विस्ताराने लिहितो.

पुस्तकांची यादी करण्याआधी परीक्षांची यादी करावी, कारण पायाचे पुस्तक कोणते हे परीक्षा ठरवते. आपल्याकडची राज्याची प्रवेश परीक्षा एमएचटी-सीईटी राज्य मंडळाच्या अभ्यासक्रमावर बेतलेली आहे. तीत साधारण ८० टक्के भार बारावीचा आणि २० टक्के अकरावीचा असतो, आणि चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत. सीईटीसाठी बालभारतीची पुस्तके हाच पाया आहे. जेईईच्या पहिल्या टप्प्याचा, म्हणजे जेईई मेनचा पाया मात्र एनसीईआरटी आहे. तिथे तीन तासांत ७५ प्रश्न असतात, म्हणजे एका प्रश्नाला सरासरी दोन मिनिटे चोवीस सेकंद मिळतात, आणि चूक झाली की एक गुण जातो. तुमच्या मुलीला दोन्ही परीक्षा द्याव्या लागतील, कारण महाराष्ट्रातील बहुतेक मुले जेईईच्या जोडीला सीईटी देतातच.

आता खरी गोम सांगतो, जी शिकवणीच्या यादीत कधी लिहिलेली नसते. राज्य मंडळाचे बारावीचे भौतिकशास्त्राचे पुस्तक उघडा. पहिले प्रकरण परिवलन गतीचे आहे, आणि त्यामागोमाग द्रायू, वायूंचा गतिज सिद्धांत, ऊष्मागतिकी आणि दोलने येतात. एनसीईआरटीने हे सगळे अकरावीतच घेतले आहे. शिकवणीचे वर्ग एनसीईआरटीच्या क्रमाने चालतात, त्यामुळे अकरावीच्या दिवाळीनंतर मुलगी शिकवणीत परिवलन गती शिकत असेल आणि तिच्या हातातल्या अकरावीच्या पाठ्यपुस्तकात ते प्रकरण सापडणारच नाही. दर वर्षी या ठिकाणी मुले गोंधळतात, आणि पुस्तकच वाईट आहे असे समजून तिसरे विकत आणतात. म्हणून पहिली खरेदी म्हणजे एनसीईआरटीचे अकरावीचे भौतिकशास्त्र, दोन्ही भाग. छापील घ्यायचे नसेल तर एनसीईआरटी आणि बालभारती या दोघांचीही पुस्तके त्यांच्या संकेतस्थळांवर विनामूल्य उतरवून घेता येतात.

त्यावर एकच पुस्तक : एच. सी. वर्मा यांचे ‘कन्सेप्ट्स ऑफ फिजिक्स’. आयआयटी कानपूरमध्ये शिकवलेल्या या प्राध्यापकांचे हे दोन भागांचे पुस्तक १९९२ मध्ये आले, आणि अजूनही त्याच्या तोडीचे दुसरे मला दिसलेले नाही. त्याचे बळ गणितांत आहे असे सगळे म्हणतात, मी तसे म्हणणार नाही. प्रत्येक प्रकरणात सोडवलेली उदाहरणे संपल्यावर लघुत्तरी प्रश्न येतात, मग दोन प्रकारचे बहुपर्यायी प्रश्न आणि शेवटी स्वाध्याय. मुले लघुत्तरी प्रश्न ओलांडून थेट स्वाध्यायावर उडी मारतात, कारण त्या प्रश्नांत आकडे नसतात आणि मागे त्यांची उत्तरेही नसतात. माझ्या अनुभवात एखाद्याला प्रकरण समजले आहे की नाही ते त्याच प्रश्नांवर कळते. उलट, पहिल्या भागाच्या शेवटी असलेले प्रकाशमितीचे प्रकरण आणि त्याआधीचे प्रकाशाच्या वेगाचे प्रकरण जेईईच्या दृष्टीने वगळले तरी चालते. पुस्तक चांगले आहे म्हणून ते पानापानाने संपवलेच पाहिजे असे नाही.

यादीतल्या उरलेल्या नावांचे काय करायचे ते नंतर बघू. आधी इतरांचे ऐका.

कोयनाकाठ

सरांच्या मताशी सहमत आहे, परंतु इरोडोव्ह यांचे ‘प्रॉब्लेम्स इन जनरल फिजिक्स’ यादीत नसेल तर ऑलिंपियाडचे नाव काढू नये. आमच्या काळी मीर प्रकाशनाची सोव्हिएत पुस्तके अगदी स्वस्तात मिळत, आणि इरोडोव्ह सोडवणारा मुलगा वर्गात वेगळाच ओळखू येई. पहिल्या दिवसापासून तेच हाती द्यावे.

मानखुर्द लोकल

काका, मी पाच वर्षांपूर्वी या वाटेने गेलो आहे, म्हणून आदर राखून असहमती नोंदवतो. इरोडोव्ह माझ्याकडे अकरावीच्या जूनमध्येच होते. त्यातली तीन गणिते सोडवायला मला पंधरा दिवस लागले, आणि आपल्याला भौतिकशास्त्र येत नाही अशी माझी ठाम समजूत झाली. हा दोष त्या पुस्तकाचा नव्हता. ते संग्रहाचे पुस्तक आहे. प्रत्येक विभागाच्या आरंभी सूत्रे दिलेली आहेत आणि पुढे गणिते. संकल्पना तिथे कोणी शिकवत नाही, ती आधीच माहीत आहे असे गृहीत धरलेले असते.

पुस्तक केव्हा हातात घ्यावे हे कळायला एक खूण सांगतो. इरोडोव्हमधले अगदी पहिले गणित असे आहे : प्रवाहाच्या दिशेने जाणारी मोटारबोट एका तराफ्याला ओलांडते, ६० मिनिटांनी मागे वळते आणि पुन्हा तराफ्यापाशी येते, तेव्हा ती जागा पहिल्या जागेपासून ६ किलोमीटर पुढे असते, इंजिन एकसारखे चालले असे धरून प्रवाहाचा वेग काढा. मी काठावर उभे राहून दोन समीकरणे मांडली, बोटीचा वेग एका अक्षराने धरला, आणि पान भरले. उत्तर आले, पण माझ्या मित्राने ते तोंडी काढले. तो म्हणाला, ‘तराफ्यावर बस. बोट तुझ्यापासून एक तास दूर जाते, म्हणजे परत यायलाही तिला एकच तास लागणार, कारण तुझ्या दृष्टीने पाणी उभेच आहे. त्या दोन तासांत तू ६ किलोमीटर वाहत गेलास.’ प्रवाहाचा वेग ताशी ३ किलोमीटर. ज्या दिवशी मुलीला तराफ्यावर बसावेसे वाटेल, त्या दिवशी इरोडोव्ह आणावे, आणि तेव्हाही निवडक सोडवावे. पूर्ण पुस्तक संपवलेला कोणी मला शिबिरातही भेटला नाही.

आता ऑलिंपियाडविषयी. नोव्हेंबरमधील एनएसईपी ही भौतिकशास्त्र शिक्षकांची संघटना, आयएपीटी, घेते. ती बहुपर्यायी असते, आणि तिच्यासाठी जेईईच्या तयारीपेक्षा निराळे पुस्तक लागत नाही. फक्त आकृती काढून विचार करण्याची सवय जास्त लागते. त्यातून निवडलेल्यांची पुढची परीक्षा, आयएनपीएचओ, वर्णनात्मक असते. तिथे चार पर्यायांचा आधार नसतो. कोऱ्या कागदावर स्वतःचा मार्ग दाखवावा लागतो. त्यानंतर मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात निवड शिबिर होते, आणि देशाच्या संघात शेवटी पाच जण जातात. आयएनपीएचओच्या मागच्या वर्षांच्या प्रश्नपत्रिका उत्तरांसहित केंद्राच्या संकेतस्थळावर विनामूल्य आहेत. माझ्या मते ऑलिंपियाडचे सर्वांत चांगले ‘पुस्तक’ तेच आहे, आणि बार्शीकर काका, तुमच्या सतरा पुस्तकांच्या यादीत ते नसणार याची मला खात्री आहे, कारण ते कोणी विकत नाही.

कोयनाकाठ

तराफ्याचा दाखला आवडला. ‘पहिल्या दिवसापासून’ हे शब्द मागे घेतो, पुस्तक मागे घेत नाही.

फळा आणि खडू

लोकल यांनी जी खूण सांगितली तिला जोड म्हणून एक गणित देतो, कारण ते दोन्ही पुस्तकांत आहे. वर्मांच्या गतिविज्ञानाच्या प्रकरणात एका सुसम षट्कोनाच्या सहा कोपऱ्यांवर सहा कण आहेत. प्रत्येक कण सारख्याच वेगाने आणि सतत पुढच्या कोपऱ्यावरील कणाच्या रोखाने चालतो. ते किती वेळाने एकत्र येतील? इरोडोव्हमध्ये सहाऐवजी तीन आहेत, समभुज त्रिकोणावर. मी वर्गात फरशीवर सहा चिंचोके ठेवून विचारत असे.

बाजू a आणि वेग v धरा. षट्कोनात पुढचा कण आपल्यापासून v/२ इतक्या वेगाने दूर सरकतो, म्हणून दोघांतील अंतर v/२ या वेगाने घटते आणि वेळ २a/v येतो. त्रिकोणात पुढचा कण उलट आपल्याकडेच येत असतो, अंतर ३v/२ या वेगाने घटते आणि वेळ २a/३v येतो. ज्या मुलाने षट्कोनाचे उत्तर पाठ केले आहे तो त्रिकोणाला अडतो. ज्याला कळले आहे त्याला मी विचारतो, ‘आणि चौरस असेल तर?’ तो क्षणभर थांबतो, हसतो आणि a/v म्हणतो, कारण तिथे पुढचा कण काटकोनात चालला आहे, तो ना जवळ येतो ना दूर जातो. हे एक गणित तीन अंगांनी फिरवायला अर्धा तास लागतो, आणि तेवढ्या अर्ध्या तासात दुसऱ्या पुस्तकातील बारा गणिते उरकता येतात. पालकांना ती बारा दिसतात.

म्हणून दुसरे पुस्तक घेण्याआधी पहिल्यातील एक प्रकरण घ्यावे, घर्षणाचे घ्या किंवा वर्तुळाकार गतीचे घ्या, आणि मुलीला त्यातली न आलेली गणिते वहीच्या शेवटच्या पानावर क्रमांकाने लिहायला सांगावीत. पंधरा दिवसांनी, उत्तर न बघता, तीच पुन्हा करायला सांगावीत. निम्म्याहून अधिक तरीही अडली, तर शिकवणारा किंवा सिद्धांताचे पुस्तक कमी पडते आहे. सुटली, तर त्या विषयाचे आणखी एक पुस्तक घेण्याचा विचार करावा.

रसायनाची वही

भौतिकशास्त्राची चर्चा रंगली की रसायन कोपऱ्यात जाते, म्हणून मध्ये बोलते. मी एका अभियांत्रिकी महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते, आणि प्रवेश घेऊन आलेल्या मुलांची रसायनाची अवस्था दर वर्षी बघते.

रसायनशास्त्र हा एक विषय नाही, पुस्तकांच्या दृष्टीने तरी ते तीन विषय आहेत. भौतिक रसायनाला गणिते हवीत, म्हणून तिथे एनसीईआरटीवर एक संग्रह घ्यायला हरकत नाही. शिकवणीचे मॉड्यूल, म्हणजे तिथून मिळणारा छापील अभ्याससंच, चांगले असेल तर त्याचीही गरज नाही. असेंद्रिय रसायनाला एनसीईआरटीच वाचावी, पुन्हा वाचावी आणि तिसऱ्यांदा वाचताना समासात स्वतःच्या अक्षरात टिपावे, जे. डी. ली यांचा ग्रंथ उत्तम असला तरी अकरावीच्या मुलाने तो संदर्भाला उघडायचा असतो, अथपासून इतिपर्यंत वाचायचा नसतो. सेंद्रिय रसायनात मात्र मी आग्रहाने सांगेन की अभिक्रियांची यादी देणारे कोणतेही पुस्तक पहिल्या सहा महिन्यांत घरात येऊ देऊ नये. इलेक्ट्रॉन कुठून निघतो आणि कुठे जातो याचा बाण काढायला जे शिकवते, ते पुस्तक. क्लेडन, ग्रीव्ह्ज आणि वॉरन यांचा ग्रंथ त्या बाबतीत फार मोकळ्या भाषेत लिहिलेला आहे. तो जाडजूड आहे, त्यामुळे ग्रंथालयातून आणून पहिली काही प्रकरणे वाचली तरी पुरे.

एक सावधगिरी आवृत्तीबाबत. २०२३ मध्ये एनसीईआरटीने पुस्तके बारीक केली, आणि द्रव्याच्या अवस्था, स्थायू अवस्था, पृष्ठभाग रसायन ही प्रकरणे नव्या छपाईतून गेली. २०२४ पासून जेईई मेनच्या अभ्यासक्रमातूनही ती गेली. आयआयटी प्रवेशासाठी मेननंतर होणाऱ्या जेईई ॲडव्हान्स्डच्या अभ्यासक्रमात मात्र ती राहिली. त्यामुळे ॲडव्हान्स्डचा विचार असेल तर एखाद्या ताई-दादाची जुनी एनसीईआरटी मिळवून ठेवावी. रसायनाच्या बाबतीत ती अजून कामाची आहे.

वऱ्हाडी आई

जुन्या आवृत्तीवरून माझाही अनुभव सांगते, पण तो उलट्या बाजूचा आहे. आमच्या मुलाने नीट दिली. नीटमध्ये १८० प्रश्नांपैकी ९० जीवशास्त्राचे, म्हणजे ७२० पैकी ३६० गुण तिथेच. सगळे सांगतात की एनसीईआरटीची ओळ न् ओळ वाचा, आणि ते खरेच आहे. आम्ही नागपुरात एका दुकानातून त्याच्यासाठी जुनी पुस्तके घेतली. त्यांत अकरावीची बावीस आणि बारावीची सोळा प्रकरणे होती. नव्या पुस्तकांत ती एकोणीस आणि तेरा आहेत. वनस्पतींतील परिवहन, खनिज पोषण असली प्रकरणे तो ऑगस्टपर्यंत मान मोडून पाठ करत होता, आणि मग मैत्रिणीच्या पुस्तकात ती नाहीतच हे त्याला कळले. त्याहून विचित्र म्हणजे नीटच्या सुधारित अभ्यासक्रमात माल्व्हेसी, ग्रॅमिनी अशी वनस्पतींची कुळे नावानिशी आहेत, आणि नव्या पुस्तकात मात्र कुळाचे सविस्तर वर्णन सोलॅनेसीचेच. म्हणून मी सर्वांना सांगते की अभ्यासक्रमाची अधिकृत पीडीएफ छापून घ्या, भिंतीला लावा, आणि पुस्तक तिच्याशी ताडून बघा. दुकानदाराला किंवा शिकवणीला विचारून उपयोग नाही. बार्शीकर भाऊ, तुम्हाला जीवशास्त्र नको आहे हे वाचले, तरीही लिहिले, कारण हा धागा पुढे दुसरेही वाचतील.

बार्शीकर

सर्वांचे मनापासून आभार. चिंचोके ठेवून बघितले. मुलीने षट्कोन सोडवला, त्रिकोणाला अडली, रात्री जेवताना अचानक ‘आला’ म्हणाली. चौरसाचे उत्तर तिने लगेच दिले, मला ते अजून नीट कळलेले नाही.

एक शंका राहिली. सेमी इंग्रजीमुळे संज्ञा तिला इंग्रजीतूनच येतात, परंतु वर्मांच्या पुस्तकातील सलग सहा-सात पाने इंग्रजी सिद्धांत वाचताना ती थकते आणि गणितांकडे पळते. मराठीतून काही आहे का?

फळा आणि खडू

जेईई मेन मराठीतूनही देता येते, पण ॲडव्हान्स्ड फक्त इंग्रजी आणि हिंदीत असते, आणि राज्य मंडळाची अकरावी-बारावी विज्ञानाची पुस्तकेही इंग्रजीतच आहेत. त्यामुळे इंग्रजी वाचनाची सवय करावीच लागेल. तिला पान वाचून झाल्यावर पुस्तक मिटून, तुम्हाला मराठीत ते सांगायला सांगा. तुम्हाला विषय येत नाही हे इथे उपयोगाचेच आहे, कारण तुम्ही ‘म्हणजे काय’ असे खरोखरच विचाराल. एका बैठकीला दोन पाने पुरेत. मराठी माध्यमातून आलेली माझी कित्येक मुले दिवाळीपर्यंत या रीतीने रुळली. ज्यांनी गणिताच्या पायऱ्या तेवढ्या वाचल्या ती बारावीतही शाब्दिक प्रश्नाला अडखळत होती.

बन्नेरघट्टा रस्ता

बंगळूरुहून लिहितो आहे. मुलीला गणित आवडते असे तुम्ही लिहिले आहे, म्हणून एवढेच सांगतो की गणित ऑलिंपियाडची वाट वेगळी आहे. आयओक्यूएम या पात्रता परीक्षेपासून ती सुरू होते, आणि संख्याशास्त्र नव्हे, तर संख्या सिद्धांत, भूमिती, असमानता आणि चयन हे विषय तिथे लागतात, ज्यांतील बरेचसे जेईईच्या पुस्तकांत नसते. पुण्याच्या भास्कराचार्य प्रतिष्ठानचे ‘ॲन एक्स्कर्शन इन मॅथेमॅटिक्स’ इथली कानडी, तमिळ मुलेसुद्धा वापरतात. आठवी-नववीत सुरुवात करणाऱ्यांना त्याचा खरा लाभ होतो. अकरावीत जेईईच्या सोबतीने दोन्ही ऑलिंपियाड धरू नयेत असे माझे मत आहे. माझ्या मुलाने धरले, आणि डिसेंबरपर्यंत त्याच्या टेबलावर चार ठिकाणी अर्धवट उघडी पुस्तके होती.

आप्पा बळवंत

पुस्तक कुठून घ्यावे यावर कोणी बोलले नाही, म्हणून थोडे. मी पुण्यात ज्या चौकाच्या नावाने लिहितो तिथे निम्म्या किमतीत जुनी पुस्तके मिळतात, आणि वर्मांसारख्या पुस्तकात आवृत्तीने फारसे काही बिघडत नाही. पेन्सिलीच्या खुणा असलेले जुने पुस्तक तर मी मुद्दाम घेतो, म्हणजे आधीचा विद्यार्थी कुठे थांबला ते दिसते. बहुतेक जण परिवलन गतीपाशी थांबलेले असतात.

मात्र ऑनलाइन फार स्वस्त दिसणाऱ्या प्रतीपासून जपावे. पुतणीसाठी मी अशी एक मागवली. कागद पातळ होता हे चालून गेले असते, पण झेरॉक्सवरून छापल्यामुळे घातांकातली उणे चिन्हे बऱ्याच ठिकाणी उडाली होती. दहाचा उणे सहावा घात आणि दहाचा सहावा घात यांतला फरक ओळखायला पुतणीला दोन रात्री लागल्या, आणि तोवर ती स्वतःलाच दोष देत होती. विक्रेत्याने प्रत परत घेतली नाही. पुस्तक हातात आले की मागच्या उत्तरांचे एखादे पान आणि घातांक असलेले एखादे पान उजेडात धरून बघावे.

मानखुर्द लोकल

आणि मॉड्यूलविषयी. शिकवणीत मिळणारी मॉड्यूल आणि डीपीपी, म्हणजे रोजच्या सरावाचे प्रश्नसंच, ही वाईट नसतात. मागच्या वर्षांचे प्रश्न त्यांत प्रकरणवार लावलेले असतात आणि जेईई मेनला त्यांचा उपयोग होतो. पण मॉड्यूल, वर्मा आणि आणखी एक संग्रह अशी तीन पुस्तके एकाच प्रकरणाला लावली, तर बॅकलॉग पुस्तकांचा होतो, विषयाचा नव्हे. मी स्वतः शेवटी मॉड्यूलमधले प्रत्येक तिसरे गणित केले आणि वर्मा पूर्ण केले. एनसीईआरटीची ‘एक्झेम्प्लर’ ही प्रश्नांची पुस्तके बहुतेक जण विसरतात, तीही विनामूल्य मिळतात.

बार्शीकर

धागा वर आणतो आहे. डिसेंबर उजाडला, एनएसईपी झाली. पेपर दोन तासांचा होता. पुढच्या फेरीत जाण्याइतके गुण मिळतील असे तिला स्वतःला वाटत नाही, परंतु एक प्रश्न तिने ‘तराफ्यावर बसून’ सोडवला असे ती म्हणाली, आणि परतीच्या एसटीत त्यावरच बोलत होती.

आजपर्यंत घेतलेली पुस्तके अशी : एनसीईआरटीचे अकरावीचे भौतिक आणि रसायन छापील, गणित पीडीएफ, वर्मा पहिला भाग, जुना, सोलापुरातून, शिकवणीचे मॉड्यूल, जे शुल्कातच आले. रसायनाच्या ताईंच्या सांगण्यावरून शेजारच्या त्याच मुलाच्या घरी उरलेली जुनी एनसीईआरटी मागून आणली. तेवढी रद्दीतून वाचली होती. सतरा पुस्तकांच्या यादीतील बाकी काही घेतलेले नाही. न सुटलेल्या गणितांचे शेवटचे पान आता वहीत पुरत नाही, म्हणून त्याची वेगळी वही केली आहे. ऑगस्टमधली एकोणीस गणिते होती, त्यांतली चार अजून उरली आहेत, आणि त्यांतली तीन घर्षणाची आहेत.

सरांना एक विचारायचे आहे. वर्मांचा दुसरा भाग बारावीला लागतो असे दुकानदार म्हणाला, म्हणून घेतला नव्हता. पण शिकवणीत जानेवारीपासून ऊष्मागतिकी सुरू होणार आहे आणि पहिल्या भागात ती सापडत नाही.

फळा आणि खडू

दुकानदाराचे चुकले. दुसरा भाग तेविसाव्या प्रकरणापासून सुरू होतो, आणि तेविसावे ते अठ्ठाविसावे ही सहाही प्रकरणे उष्णतेचीच आहेत. विद्युतक्षेत्र त्यानंतर येते. तो आताच घ्या. चोविसावे प्रकरण, वायूंच्या गतिज सिद्धांताचे, आधी वाचायला सांगा, मग ऊष्मागतिकी. घर्षणाच्या त्या तीन गणितांचे क्रमांक मात्र इथे लिहा. एखादा ठोकळा दुसऱ्या ठोकळ्यावर ठेवलेला असेल तर ती कुठे अडली आहे ते मला बहुधा सांगता येईल.

बार्शीकर

तिन्हींत ठोकळ्यावर ठोकळाच आहे. क्रमांक संध्याकाळी वही बघून लिहितो.